पिल्लाचे वय कधीपासून मोजायचे?

कुक्कुटपालकाच्या वहीत पिल्लाचा पहिला दिवस गाडी शेडवर लागते तेव्हा सुरू होतो. खोकी उतरवली, पिल्ले मोजून चिकगार्डच्या (पिल्लांभोवतीच्या ठेंगण्या कुंपणाच्या) गोलात सोडली की वहीत ‘वय १’ लागते. पिल्लाच्या शरीराचा हिशेब मात्र आधीच सुरू झालेला असतो. कवच फोडून बाहेर येऊन त्याला तोवर एक दिवस, दीड दिवस, कधी अडीच दिवस झालेले असतात, आणि एवढ्या वेळात त्याच्या चोचीला ना पाणी लागलेले असते ना दाणा. पिल्लांच्या सुरुवातीच्या पोषणावर गेल्या तीसेक वर्षांत जगभर जे संशोधन झाले, त्यातले बरेचसे या न मोजलेल्या तासांविषयी आहे. आपल्याकडची चर्चा मात्र अजून प्रीस्टार्टरच्या, म्हणजे पहिल्या दिवसांच्या खाद्याच्या, गोणीभोवती फिरते: कोणत्या कंपनीचे, किती प्रथिनांचे, किती दिवस घालायचे. गोणीचे महत्त्व आहेच; त्याकडे पुढे येऊ. पण गोणी फोडण्यापूर्वी काय घडून गेले ते कळल्याशिवाय पहिल्या आठवड्यातली मर आणि लहानमोठी पिल्ले यांचा उलगडा होत नाही, असे माझे मत आहे.

‘पिल्लाला तीन दिवस खायला लागत नाही, पोटात बलक असतो’ हे वाक्य पोल्ट्रीच्या धंद्यात सगळ्यांनी ऐकलेले असते. ते अर्धे खरे आहे. एकवीस दिवसांच्या उबवणुकीत शेवटच्या दोन दिवसांत उरलेला बलक पिशवीसकट पिल्लाच्या पोटात ओढला जातो. चाळीस-बेचाळीस ग्रॅमच्या पिल्लात तो साधारण ५ ते ७ ग्रॅम भरतो. त्यात जवळजवळ निम्मे पाणी, उरलेली चरबी आणि प्रथिने. चार-पाच दिवसांत तो संपतो. युरोपीय संघाच्या २००५ च्या प्राणी-वाहतूक नियमात पिल्लांना अन्नपाण्याविना नेण्याची जी सूट आहे, ती याच बलकाच्या भरवशावर: प्रवास चोवीस तासांच्या आत आणि तोही जन्मापासून ७२ तासांत संपला पाहिजे.

पण निसर्गाने ही शिदोरी कशासाठी दिली? खुडूक कोंबडीखालची सगळी अंडी एकाच घटकेला फुटत नाहीत. पहिले पिल्लू आणि शेवटचे पिल्लू यांच्यात दिवस-दीड दिवसाचे अंतर पडते आणि तोवर कोंबडी उठत नाही. आधी आलेली पिल्ले तिच्या पोटाखाली, अंधारात, उबेत भावंडांची वाट पाहतात. बलक पुरतो तो या वाट पाहण्याला. हॅचरीतले पिल्लू त्याच बलकावर पट्ट्यावरून निवडले जाते, मरेक्स रोगाची लस टोचून घेते, शंभराच्या खोक्यात भरले जाते आणि रात्रभर टेम्पोत हिंदकळते. शिवाय बलक म्हणजे नुसते इंधन नव्हे. राणीखेत, गंबोरो या रोगांविरुद्धची आईची प्रतिपिंडे त्यातूनच पिल्लाच्या रक्तात उतरतात; नव्या पेशींची आवरणे घडवायला लागणारे स्निग्ध पदार्थही त्यातलेच. भुकेल्या पिल्लाला हे सगळे नुसते जगून राहण्यासाठी जाळावे लागते.

आत नेमके काय घडते याचा पद्धतशीर शोध इस्रायलच्या हिब्रू विद्यापीठात नॉय आणि स्क्लान यांनी १९९०च्या दशकात घेतला. लवकर खाणाऱ्या पिल्लांचा बलक उपाशी पिल्लांपेक्षा लवकर वापरला जातो, हे त्यांनी दाखवले. वरवर उलटे वाटणारी ही गोष्ट आहे. आतड्यात अन्न आले की आतडे हलू लागते आणि त्या हालचालीबरोबर बलकही पिशवीतून आतड्यात उतरतो, असे त्यांचे स्पष्टीकरण. पुढच्या काही प्रयोगांत हा फरक इतका ठळक दिसला नाही. आतड्याच्या वाढीबद्दल मात्र वाद नाही. पहिल्या आठवड्यात लहान आतडे बाकीच्या शरीरापेक्षा कितीतरी वेगाने वाढते, त्यातल्या अंकुरांची उंची आणि पृष्ठभाग दिवसागणिक वाढतो, आणि ही वाढ अन्नाच्या स्पर्शाने वेग घेते. स्नायूंचेही तसेच. छातीतल्या स्नायुतंतूंची संख्या जन्मताच ठरलेली असते. पुढे ते जाड होतात ते त्यांच्या कडेला असलेल्या उपग्रह पेशींच्या जिवावर. या पेशी जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने वाढतात. त्याच दिवसांत उपास पडला तर त्यांची वाढ खुंटते, हे ओर्ना हलेवी यांच्या २००० सालच्या कामातून पुढे आले.

मग उशीर झाल्याने प्रत्यक्ष तोटा किती? २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या संशोधकांनी तोवरच्या प्रयोगांची एकत्र छाननी केली. ४८ तासांच्या आसपास अन्नपाणी न मिळालेल्या पिल्लांचे वजन सहा आठवड्यांपर्यंत मागे राहिले आणि त्यांच्यातली एकूण मरही जास्त होती. आतड्यातला फरक मात्र खायला मिळाल्यावर बराचसा भरून निघाला. म्हणजे पिल्लू सावरते, पण हुकलेले वजन पूर्ण हाती येत नाही. या सगळ्या साहित्यात एक अडचण आहे. अनेक प्रयोगांत ‘शून्य तास’ म्हणजे पिल्ले यंत्रातून काढल्याची वेळ धरली आहे, प्रत्येक पिल्लू कवचातून बाहेर आल्याची नव्हे. शेतकऱ्याच्या वहीत होते तीच गफलत प्रयोगशाळेतही झाली आहे. म्हणून ‘चोवीस तासांच्या उशिराने काही बिघडत नाही’ असे एखाद्या अहवालात वाचले, तर ते तास कुठून मोजले आहेत हे आधी पाहावे.

हे अंतर किती पडते ते मांडून पाहा. चांगल्या हॅचरीतही पहिले आणि शेवटचे पिल्लू यांच्यात २४ ते ३६ तास जातात. सगळी वाळल्यावर ट्रे बाहेर निघतात. निवड, लस, मोजणी यांत काही तास. मग गाडीची वाट आणि प्रवास. त्यामुळे एकाच खोक्यात शेजारी बसलेल्या दोन पिल्लांपैकी एक पंधरा तासांचे असते, दुसरे पन्नास तासांचे. वहीत दोघांचे वय एकच. पन्नास तासांचे पिल्लू पायांच्या कातडीवरून ओळखू येते: नळीची कातडी सुकलेली, शिरा उठून दिसणारी. सातव्या दिवशी लॉटमध्ये लहानमोठे दिसू लागते तेव्हा खाद्याला दोष दिला जातो; बऱ्याचदा ते खोक्यातच लहानमोठे आलेले असते.

करार पद्धतीत या गोष्टीला पैशाची बाजू आहे. पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, वीज, मजुरी शेतकऱ्याची. आणि वाढीचा मोबदला ठरतो वजन, खाद्य-रूपांतर आणि मर यांवरून. पहिल्या आठवड्यातली मर हॅचरीतून आलेली की शेडमध्ये झालेली, हे तपासायला शेतकऱ्याकडे काहीच साधन नसते. पिल्लांच्या चलनावर यंत्रातून काढल्याची वेळ आणि ज्या कोंबड्यांची ही अंडी त्यांचे वय, या दोन नोंदी असल्या पाहिजेत. हे वय का, तर पंचवीस-अठ्ठावीस आठवड्यांच्या तरुण कोंबड्यांची अंडी लहान, त्यातून निघणारी पिल्ले लहान, त्यांचा बलकही थोडा. त्यांना ऊब एखादा अंश जास्त लागते आणि खाद्याचा उशीर त्यांना कमी सोसतो. हे आधी कळले तर शेतकरी त्यांच्यासाठी वेगळा गोल करील. ही माहिती हॅचरीत असतेच. ती द्यायला खर्च येत नाही.

उशीर टाळण्याचे उपाय तीन दिशांनी शोधले गेले. पहिला अंड्यातच खाऊ घालण्याचा: सतराव्या-अठराव्या दिवशी गर्भाभोवतीच्या द्रवात पोषक द्रावण टोचायचे, गर्भ तो द्रव गिळतोच. झेहावा उनी आणि पीटर फेर्केट यांनी ही कल्पना पुढे आणली. प्रयोगांत यकृतातला साखरेचा साठा आणि आतड्याची वाढ सुधारलेली दिसली, तरी व्यवहारात निकाल एकसारखे येत नाहीत. दुसरा उपाय हॅचिंग यंत्रातच उजेड, पाणी आणि खाद्य ठेवण्याचा. तिसरा, नेदरलँड्समध्ये रुजलेला: अठरा दिवसांची अंडीच शेडवर न्यायची, तिथेच पिल्ले निघू द्यायची आणि पहिल्या तासापासून खाद्यपाणी समोर ठेवायचे. हा तिसरा मला सगळ्यांत सुंदर वाटतो, पण मराठवाड्यातल्या उघड्या जाळीच्या शेडमध्ये, वीज कधी जाईल याचा नेम नसताना, अंडी तीन दिवस एका तापमानात ठेवणे आज शक्य नाही. आपल्याला जमतील असे उपाय साधे आहेत. अंडी कोंबडीच्या वयाप्रमाणे वेगळी लावणे. आठवड्याहून जास्त साठवलेली अंडी आधी भरणे, कारण साठवणीच्या प्रत्येक जादा दिवसाला उबवणूक साधारण तासभर लांबते. आणि उन्हाळ्यात गाडी संध्याकाळी काढून पहाटे पोचवणे.

आता शेडवर येऊ. इथे क्रम महत्त्वाचा: आधी ऊब, मग पाणी, लगोलग खाद्य. पहिला आठवडाभर तरी पिल्लाला स्वतःचे तापमान नीट राखता येत नाही. गार जमिनीवर ते खात नाही, गोळा होऊन बसते. म्हणून पिल्ले यायच्या आधी निदान चोवीस तास ब्रूडर पेटलेला हवा. हवा ३२ ते ३४ अंश झाली म्हणून भागत नाही. तूस आणि खालची फरशीही तापलेली हवी, कारण पिल्लू पायांनी गारठते. जुने जाणकार पिल्लू उचलून त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावतात. पाय गार लागले तर थर्मामीटर काहीही सांगो, ऊब कमी आहे. ब्रूडरखाली गर्दी म्हणजे थंडी, चिकगार्डला चिकटून चोच उघडी म्हणजे उकाडा, एका बाजूला सरकलेली पिल्ले म्हणजे वाऱ्याची झुळूक. कोळशाच्या शेगडीवर ब्रूडिंग करणाऱ्यांनी पडदे गच्च बांधू नयेत. धुरातला न दिसणारा कार्बन मोनॉक्साइड पिल्ले मारतो आणि राखणीला झोपलेल्या माणसालाही सोडत नाही.

पाणी कोमट, वीस-पंचवीस अंशांचे. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पत्र्यावरच्या टाकीतून येणारे पाणी पिल्लू तोंडात घेत नाही. गूळपाण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि थकलेल्या पिल्लाला त्याने तरतरी येते, इलेक्ट्रोलाइटही चालते. त्याच्या नावाखाली खाद्य मागे ठेवण्याचे मात्र कारण नाही. पहिला दिवसभर नुसता मक्याचा भरडा देण्याची प्रथाही तपासून पाहिली पाहिजे. भरड्याने पिल्लाची मागची जागा विष्ठेने चिकटत नाही, असे म्हणतात. पण चिकटण्यामागे बहुतेक वेळा प्रवासाचा ताण, गारठा किंवा पाण्याची तूट असते. मक्यात प्रथिने आठ-नऊ टक्के. ज्या आठवड्यात आतडे सर्वांत वेगाने घडते त्याच्या पहिल्याच दिवशी पिल्लाला एवढ्यावर ठेवणे मला पटत नाही.

या सगळ्याचा निकाल एका परीक्षेत मिळतो, आणि तिला पैसा लागत नाही. पिल्ले सोडल्यावर वेगवेगळ्या कोपऱ्यांतली तीस-चाळीस उचलायची आणि गळ्याच्या बुडाशी असलेली अन्नपिशवी अंगठा आणि तर्जनीत हलकेच चाचपायची. भिजवलेल्या रव्यासारखी मऊ, गोल लागली तर पिल्लू खाते आहे आणि पितेही आहे. आत खाद्याचे कण टोचताहेत तर पाणी सापडलेले नाही. पाण्याच्या फुग्यासारखी ताणलेली तर खाद्य सापडलेले नाही. रिकामी तर दोन्ही नाही. दोन तासांत चारपैकी तीन पिल्लांची पिशवी भरलेली हवी. चोवीस तासांनी जवळजवळ सगळ्यांची. संध्याकाळी आठला ही परीक्षा घेणारा शेतकरी रात्रीतच भांडी हलवू शकतो, उजेड वाढवू शकतो, कागदावर मूठभर खाद्य आणखी पसरू शकतो. कागदावर खाद्य टाकायचे तेही उगाच नाही: एका पिल्लाने टोचले की कागद टिकटिकतो आणि बाकीची तिकडे धावतात. अंगणात हे काम कोंबडी करते. दाणा उचलून खाली टाकत, कुकुक करत ती पिल्लांना बोलावते.

गोणीत काय असावे? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये मांसल पक्ष्यांच्या पहिल्या तीन आठवड्यांसाठी २३ टक्के प्रथिने, १.१ टक्के लायसिन आणि ०.५ टक्के मेथिओनिन सांगितले. आजच्या जातींसाठी आकडे पुढे सरकले असले तरी पाया तोच. माझ्या मते पहिल्या दहा दिवसांत प्रथिनाच्या टक्क्यापेक्षा ते पचते किती याला जास्त महत्त्व आहे. पिल्लाचे पित्त आणि चरबी पचवणारे विकर अजून तुटपुंजे असतात. म्हणून प्राणिज, घट्ट चरबी त्याला झेपत नाही, सोयाबीन तेल त्या मानाने बरे. सोयाबीन पेंड नीट भाजलेली नसेल तर तिच्यातली ट्रिप्सिनरोधक द्रव्ये प्रथिनांचे पचनच अडवतात. पेंड कच्ची राहिली की नाही हे युरिएजच्या साध्या तपासणीत कळते आणि घरी खाद्य दळणाऱ्याने प्रत्येक नव्या मालाला ती करावी. त्याहून मोठा शत्रू मक्यातली बुरशी. पावसात भिजलेला, चौदा टक्क्यांहून जास्त ओलीचा मका साठवला की अफ्लाटॉक्सिन तयार होते. भारतीय मानकानुसार खाद्यात त्याची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. लहान पिल्लाचे यकृत ते सोसत नाही. वाढ खुंटते आणि दिलेली लसही नीट लागू पडत नाही. स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला काळवंडलेला मका मोठ्या पक्ष्यांनाही घालू नये, पिल्लांना तर नाहीच.

जीवनसत्त्वांचा बराचसा इतिहास कोंबड्यांच्या खुराड्यात घडला, हे इथे सांगायला हवे. जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान यांना सडीक पांढऱ्या तांदळाच्या भातावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडलेल्या दिसल्या आणि कोंड्याने त्या बऱ्या झाल्या. त्यातून बेरीबेरीचे कारण उलगडले. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम यांच्या चरबीविना वाढवलेल्या पिल्लांना रक्तस्राव होऊ लागला आणि त्यातून जीवनसत्त्व के सापडले. दोघांनाही नोबेल मिळाले, १९२९ आणि १९४३ साली. ‘ब २’ कमी पडले की पिल्लाची बोटे मुठीसारखी आत वळतात आणि ते गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्यावर टेकून चालू पाहते. ही उणीव अनेकदा मूळ कोंबडीच्या खाद्यातली असते, कारण अंड्यात उतरणारी जीवनसत्त्वे तिने जेवढी खाल्ली तेवढीच. त्या अर्थी पिल्लाचे पोषण अंडे पडण्यापूर्वीच सुरू झालेले असते.

आतड्यातल्या जिवाणूंचा प्रश्नही पिल्लाच्या याच पहिल्या दिवसांतला. नुर्मी आणि रंताला या फिनलंडच्या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवले की मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना पाजले तर साल्मोनेला त्यांच्यात घर करू शकत नाही. अंगणातले पिल्लू आईच्या विष्ठेत चोच मारून हेच मिळवते. हॅचरीतल्या पिल्लाला आईच भेटत नाही. ती पोकळी अनेक वर्षे प्रतिजैविकांनी भरून काढली गेली. युरोपने वाढीसाठीची प्रतिजैविके १ जानेवारी २००६ पासून बंद केली. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठीच्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला मनाई केली. प्रोबायोटिक, आम्ले, वनस्पतिजन्य अर्क असे पर्याय बाजारात रेलचेलीने आले आहेत. त्यांतले काही उपयोगी आहेत, पण ओले तूस आणि डोळे चुरचुरवणारा अमोनिया असलेल्या शेडमध्ये कशाचाच उपयोग होत नाही.

वाढ किती वेगाची हवी, हा प्रश्न मी टाळणार नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ च्या जाती एकाच खाद्यावर शेजारी वाढवल्या. छप्पन्नाव्या दिवशी वजने भरली ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम. इतक्या वेगाने वाढणाऱ्या पक्ष्याच्या हृदयाला आणि पायांना ताण पडतो. जलोदर आणि लंगडेपण त्यातून येते. म्हणून पहिल्या आठवड्यात भरपूर आणि त्यानंतर थोडा हात आखडता, अशी पद्धत हिवाळ्यात जलोदर टाळायला वापरतात. ‘सातव्या दिवशीच्या एका ग्रॅमचे विक्रीला पाच-सहा ग्रॅम होतात’ असे कंपन्यांचे प्रतिनिधी सांगतात. सातव्या दिवसाचे वजन आणि अखेरचे वजन यांचा संबंध पक्का आहे, पण ज्या शेडमध्ये पहिला आठवडा चांगला जातो तिथे पुढचे आठवडेही सहसा चांगलेच जातात, हे त्या हिशेबात धरलेले नसते.

उरला तो परसबागेतला पक्षी, आणि तो संख्येने थोडाथोडका नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदके नोंदली गेली, त्यांतली ३१.७ कोटी परसातली, आधीच्या गणनेपेक्षा ४६ टक्क्यांच्या आसपास वाढलेली. महाराष्ट्राचा एकूण आकडा सुमारे ७.४ कोटी. खुडूक कोंबडीबरोबर फिरणाऱ्या पिल्लाला किडे, वाळवी, कोवळा पाला मिळतो. गिरिराज, वनराजा, सातपुडा या परसासाठीच्या सुधारित जातींची पिल्ले हॅचरीतून आईविना येतात, आणि त्यांच्यापुढे पडतात त्या तांदळाच्या कण्या किंवा ज्वारी. धान्यात लायसिन फार कमी. पिल्लू पोट भरून खाते आणि तरी वाढत नाही, पंख विस्कटलेले राहतात, पहिल्या थंडीत किंवा राणीखेतच्या पहिल्या साथीत जाते. पहिले चार आठवडे तरी तयार खाद्य, निदान कण्यांत सोयाबीन पेंड आणि खनिज मिश्रण, याला पर्याय नाही. मोठ्या कोंबड्या ते फस्त करतात, म्हणून डालगे विटांवर उचलून फक्त पिल्ले आत शिरतील एवढी फट ठेवायची आणि खाद्य आत मांडायचे.

सरकारी योजनांतून एक दिवसाची पिल्ले वाटण्यापेक्षा मदर युनिटमध्ये वाढवलेली, लसी झालेली पाच-सहा आठवड्यांची थोडी कमी पिल्ले द्यावीत, असे माझे ठाम मत आहे. ज्या घरी ब्रूडर नाही, रात्री वीज नाही, तिथे पहिल्या पंधरवड्याचे काम सोपवणे म्हणजे ती पिल्ले गमावणेच. गावातल्या बचत गटाला असे युनिट चालवता येते: दोन खोल्या, गॅसचा ब्रूडर, प्रीस्टार्टरच्या गोण्या, लस ठेवायला बर्फाचा डबा आणि रात्री उठून अन्नपिशव्या चाचपणारी दोन माणसे. त्यांना मोबदला सोडलेल्या पिल्लांवर न देता सहाव्या आठवड्यात जिवंत आणि ठरल्या वजनाच्या पक्ष्यांवर द्यावा, आणि खाद्याची उचल पहिल्याच दिवशी द्यावी. कारण पैसे हप्त्याने आले तर काटकसर होते ती पहिल्या दहा दिवसांच्या खाद्यातच.